भाऊबीज की बोनस?

दिवाळीच्या तोंडावर महापालिकेच्या बोनसची बातमी येते. चौकट, ठळक आकडा, आयुक्त आणि युनियनचे नेते एका टेबलाशी बसलेले. आपल्या घरात कुणी पालिकेत नसेल तर 'मजा आहे बाई यांची' म्हणून आपण पान उलटतो. मी ही बातमी नेहमी शेवटाकडून वाचते, कारण आपल्या कामाचं बरंचसं तिथे असतं. ऑक्टोबर २०२५ मधली मुंबईची बातमी घ्या. अधिकारी-कर्मचाऱ्यांना ३१ हजार रुपये सानुग्रह अनुदान. खाली, अगदी तळाशी, सामाजिक आरोग्य स्वयंसेविकांना १४ हजार. बालवाडी-अंगणवाडीच्या शिक्षिका आणि मदतनिसांना ५ हजार. आणि तळाच्या या रकमांना बोनस म्हटलेलं नाही, सानुग्रह अनुदानही नाही. त्यांचं नाव 'भाऊबीज भेट'.

रकमा कमी-जास्त असतात, त्यावर वाद घालता येतो. मला खटकतं ते नाव. सानुग्रह म्हणजे तरी काय, कृपेनं दिलेलंच. पण त्या कृपेमागे युनियन असते, वाटाघाटी असतात, 'एवढा आकडा द्या नाहीतर' असा सूरही असतो. भाऊबीजेचं तसं नसतं. ओवाळणीत भावानं काय टाकलं हे बघायचंसुद्धा नाही, अशी आपल्याला शिकवण. तबकात पन्नास पडले म्हणून कुठली बहीण कामगार न्यायालयात गेलीय? शहराची सर्वात श्रीमंत संस्था, जिचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता, ती आपल्याकडे काम करणाऱ्या बाईला बहीण म्हणते, आणि बहीण म्हटलं की हिशोब संपतो.

या स्वयंसेविका कोण, हे वस्तीत राहणाऱ्यांना सांगायला नको. इमारतीत राहणाऱ्यांना २०२० साली कळलं. कोरोनात आपण दाराला कडी लावून बसलो होतो तेव्हा थर्मामीटर आणि वही घेऊन घरोघरी फिरत होत्या त्या याच. एरवी गरोदर बायकांची नोंद, लसीकरण, टीबीचे पेशंट गोळ्या घेतात की नाही हे बघणं, सगळं त्यांच्याकडे. 'स्वयंसेविका' या शब्दाचा अर्थ आपल्या मनात काय असतो? सुट्टीच्या दिवशी हौसेनं काही करणारी. यांना वॉर्ड नेमून दिलेला, रजिस्टर भरायचं, वरिष्ठांना उत्तर द्यायचं. मग कर्मचारी कशाला म्हणतात?

हा सगळा प्रपंच आत्ताच मांडण्याचं कारण आहे. मुंबई-पुण्याच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षं प्रशासकांनीच कारभार हाकला. १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. मुंबईच्या २२७ जागांपैकी ११४ महिलांसाठी राखीव होत्या. म्हणजे सभागृहात निम्म्याहून जास्त बायका. त्यांच्यापुढे जे विषय येतात त्यातले दोन अगदी रोजचे. एक आस्थापनेचा : कर्मचाऱ्यांचे पगार, रजा, बोनस, भरती, कंत्राटं. दुसरा रस्त्याचा : फेरीवाले कुठे बसणार, गाड्या कुठे उभ्या राहणार, फुटपाथ कुणाचा. दोन वेगळी खाती, दोन वेगळ्या फायली. पण सकाळी सहाला आमच्या गल्लीच्या टोकाशी उभं राहून बघा. रस्ता झाडणारी बाई आणि भाजीची पाटी लावणारी बाई, दोघी एकाच दिव्याच्या खांबाखाली असतात. त्या दोघींचा प्रश्नही खरं म्हणजे एकच आहे. यादीत नाव आहे की नाही?

झाडणाऱ्या बाईचं आधी बघू. पालिकेच्या कामगारांत कायम, रोजंदारीवरचा, कंत्राटी अशा पायऱ्या असतात हे आपल्याला ठाऊक असतं, पण पायऱ्यांमधलं अंतर ठाऊक नसतं. कायम असलेलीला भरपगारी बाळंतपणाची रजा, प्रॉव्हिडंट फंड, अपघात झाला तर भरपाई, मेल्यावर घरच्यांना काहीतरी. राज्य सरकारनं २०१८ मध्ये आपल्या कर्मचारी बायकांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, तीही अशा कायम नोकरीवालीलाच. तोच झाडू, तोच रस्ता, पण गणवेशावर कंत्राटदाराचं नाव असेल तर हे सगळं 'बघू'वर जातं.

मुंबईत कचरा वाहणाऱ्या २७०० कंत्राटी कामगारांची गोष्ट यासाठी मुद्दाम वाचण्यासारखी आहे. कचरा वाहतूक श्रमिक संघानं त्यांचा खटला लढवला. इथेही पुन्हा तोच शब्द! या कामगारांपैकी कित्येकांना कागदावर 'स्वयंसेवक' म्हटलं होतं, आणि त्यांना नेमणाऱ्यांना 'संस्था'. कंत्राटी कामगारांचा कायदा तेव्हा वीस किंवा अधिक माणसं असली की लागू व्हायचा, म्हणून तुकड्या विसाच्या आतल्या ठेवल्या जात, हे संघटनेचं म्हणणं. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणानं त्यांना कायम करा म्हणून सांगितलं. पालिका वर गेली. २०१७ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयातही तेच ठरलं. पेढे वाटून झाले. आणि मग? शेकडो जणांची नावं अडली, कारण निकालाच्या यादीतलं स्पेलिंग आणि आधार कार्डावरचं स्पेलिंग जुळत नव्हतं. इंग्रजीत एखादा 'एच' कमी, आडनावाचं एखादं अक्षर इकडचं तिकडे. वर्षानुवर्षं रोज हजेरी घेणाऱ्यांना ती माणसं ओळखीची होती, कागदाला नव्हती.

आता यात बाईचं काय होतं याचा विचार करा. बाईचं नाव आयुष्यात निदान एकदा बदलतं. शाळेच्या दाखल्यावर, असलाच तर, माहेरचं. रेशनकार्डावर सासरचं. बँकेत तिसरंच, कारण फॉर्म भरून देणाऱ्या पोरानं त्याला ऐकू आलं तसं लिहिलं. स्पेलिंगची चूक पुरुषाला भोवते, बाईला तर ती जन्मासोबत मिळालेली असते.

न्यायालयांनी बाईची बाजू घेतलीच नाही असं म्हणता येणार नाही. दिल्ली महापालिकेत मस्टरवर काम करणाऱ्या बायका होत्या. रस्ते बांधणं, खणणं, खडी-माती वाहणं, ही कामं. त्यांनी प्रसूती रजा मागितली तर पालिकेचं उत्तर, ती कायम कर्मचाऱ्यांसाठी, रोजंदारीवाल्यांना कायदा लागू नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि निकाल लागला ८ मार्च २००० ला, महिलादिनीच. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा कायम आणि रोजंदारी असा भेद करत नाही, असं न्यायालयानं स्पष्ट म्हटलं. पोट वाढलेली बाई मस्टरवर असो नाहीतर ऑफिसात, तिचे नऊ महिने सारखेच. पुढे २०१७ मध्ये ही रजा पहिल्या दोन मुलांसाठी बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांची झाली. कायदा चांगलाच आहे. पण मस्टर पालिकेचं होतं म्हणून दिल्लीच्या बायकांना कुणाला तरी धरता आलं. हजेरी कंत्राटदाराच्या वहीत असली की पालिका म्हणते त्याला विचारा, तो म्हणतो माझं कंत्राट मार्चमध्ये संपतंय. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने. तेवढ्यात कंत्राटच बदललेलं असतं.

आता पाटीवालीकडे येऊ. इथे मी आधी सांगून टाकते, फुटपाथवरून चालता येत नाही म्हणून वैतागणाऱ्यांत मीही आहे. गुडघे दुखतात, मागून रिक्षा हॉर्न मारते, समोर टोमॅटोचे ढीग. चिडचिड होते. आणि परतताना त्याच ढिगातून मी अर्धा किलो घेते, तेही खरं. पण वैतागाच्या भरात आपण एक गोष्ट विसरतो. रस्त्याची सर्वात मोठी जागा खातात त्या दोन्ही कडांना रात्रंदिवस उभ्या असलेल्या गाड्या. त्यांच्यामागे अतिक्रमणाची गाडी लागलेली मी तरी बघितली नाही. पुण्यात ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग गाड्यांना बंद करून पादचारी दिन करतात, २०२१ पासून. त्या दिवशी रस्ता किती रुंद आहे ते लोकांना दिसतं. वर्षातून एक दिवस.

फेरीवाल्यांसाठी केंद्राचा कायदा २०१४ मध्ये झाला. तो वाचला तर बराच समंजस आहे. आधी सर्वेक्षण करा, पात्र असतील त्यांना प्रमाणपत्र द्या, तोवर कुणाला उठवू नका. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाल्यांना सामावून घ्या. दर पाच वर्षांनी पुन्हा मोजा. कुठे बसायचं, कुठे नाही हे ठरवताना नगर पथविक्रेता समितीचं ऐका, त्यात निदान चाळीस टक्के फेरीवाल्यांनी निवडून दिलेले, आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका. मुंबईत २०१४ च्या सर्वेक्षणात सुमारे ९९ हजार अर्ज आले. छाननीत पात्र ठरले साधारण १५ हजार. बाकीचे गळले त्यात डोमिसाइलचा दाखला हा मोठा अडथळा. समितीची निवडणूक झाली ती २९ ऑगस्ट २०२४ ला, कायदा येऊन दहा वर्षांनी, आणि मतदार यादीत नावं होती फक्त ३२ हजारांच्या आसपास. मतदान झालं, पण कोर्टाच्या आदेशामुळे निकाल तेव्हा जाहीर करता आला नाही. एवढ्यात मंडईतल्या कित्येकजणींची नातवंडं शाळेत जायला लागली.

पात्र पंधरा हजारांत बायका किती, हा माझा खरा प्रश्न. मी जिच्याकडून भाजी घेते त्या मावशींना विचारलं, "मावशी, तेव्हा फॉर्म भरला होता का?"

"भरला की ताई. मालकांच्या नावावर."

"ते बसतात कुठे इथे?"

"ते कशाला बसतील? गावाला असतात ना."

यात कुणी फसवलेलं नाही. कायद्यातच 'स्वतः किंवा कुटुंबीयांमार्फत' धंदा करेन असं लिहून द्यायचं असतं. त्या 'मार्फत'मध्ये मावशी बसतात, उन्हातान्हात, पंचवीस वर्षं. विक्रेता मेला, कायमचा अपंग झाला किंवा आजारी पडला तर प्रमाणपत्र आधी जोडीदाराकडे जातं, हीही तरतूद आहे, चांगली आहे. पण नवऱ्यानं सोडून दिलं तर? दुसरी केली तर? आपल्याकडे परित्यक्तांची चळवळ झाली, शब्द रुळला, पण या फॉर्ममध्ये त्यांच्यासाठी रकाना नाही. नवरा जिवंत आणि धडधाकट, प्रमाणपत्र त्याचं, पाटी हिची.

यादीत नाव आलं की काय होतं याचा एक नमुना पुण्यात आहे. कचरा वेचणाऱ्यांची, त्यातल्या बहुतेक बायका, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली. आधी त्यांनी काय मागितलं? पगार नव्हे, ओळखपत्र. महापालिकेचा शिक्का असलेलं. चोर म्हणून पोलिसांनी धरलं तर दाखवायला. त्या कार्डाच्या आधारावर पुढे पालिकेनं त्यांचा आरोग्य विमा उतरवला, आणि २००८ मध्ये 'स्वच्छ' या त्यांच्या सहकारी संस्थेशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार झाला. मी याचे गोडवे गाणार नाही. त्या आजही पालिकेच्या कर्मचारी नाहीत, घरटी पैसे गोळा करून त्यावर भागवतात, कराराची मुदत संपत आली की पुन्हा धाकधूक. पण कचराकुंडीपाशी हातात काठी घेऊन उभ्या असलेल्या बाईला नाव मिळालं, आणि नावावर भांडता येतं. भाऊबीजेवर येत नाही.

म्हणून सभागृहातल्या नव्या नगरसेविकांकडून माझी अपेक्षा अगदी कारकुनी आहे. भाषणं नकोत. महिलादिनाला शिलाई यंत्रं वाटतात तीही एखादं वर्ष राहू द्यात. कंत्राटाचा प्रस्ताव स्थायी समितीपुढे येईल तेव्हा एवढंच विचारा : यात बायका किती, त्यांची हजेरी कुठल्या वहीत, आणि कंत्राटदार बदलला तर बाळंतपणाच्या रजेचे पैसे कोण देणार? उत्तर प्रस्तावातच लिहून घ्या, तोंडी नको. स्वयंसेविकांच्या रकमेचं शीर्षक बदलायला तर पैसाही लागत नाही, निदान या दिवाळीपासून. आणि फेरीवाल्यांचं सर्वेक्षण, जे कायद्याप्रमाणे २०१४ नंतर पाच वर्षांनी आणि मग पुन्हा पाच वर्षांनी व्हायला हवं होतं, ते होईल तेव्हा मोजणारा माणूस पाटीसमोर उभा राहून जी बसलीय तिचं नाव लिहील, 'मालकांचं' नव्हे, एवढी सूचना त्याच्या हातातल्या कागदावर छापून घ्या.

आमच्या इमारतीतल्या आम्ही सातआठजणी या तिन्ही गोष्टींचं पत्र आमच्या नगरसेविकेला देणार आहोत. मावशींना सही करता का म्हणून विचारलं, तर त्या म्हणाल्या, "करते, पण कुठल्या नावानं करू ते तुम्ही सांगा."