घराचा कंत्राटदार : परवाना आणि पारख

मुळशी तालुक्यांतील माले येथें वडिलोपार्जित घर असलेल्या एका वाचक-कुटुंबाचें पत्र आमच्याकडे आलें आहे. घर जुनें, मातींत रचलेल्या दगडी भिंतींचें. भाऊ चार, दोघे पुण्यास, एक माल्यांतच, आणि धाकटे कॅलिफोर्नियांत. गेल्या पावसाळ्यांत माजघराची भिंत फुगली व वृद्ध काकूंस पडवींत निजावें लागलें, तेव्हां घर पाडून नवें बांधावें असें ठरत आहे. धाकट्या बंधूंचा आग्रह असा कीं, काम परवानाधारक कंत्राटदारासच द्यावें. माल्यांतील बंधु म्हणतात, पंचक्रोशींतला माहितीचा माणूस असतां परवाना हवा कशाला? दोघांपैकीं खरें कोणाचें, असा प्रश्न आहे.

धाकट्या बंधूंची इच्छा रास्त आहे; मात्र त्यांनीं तिकडची वस्तु इकडे मागितली आहे. कॅलिफोर्नियांत कंत्राटदारांस परवाने देणारें सरकारी मंडळ १९२९ पासून आहे. परवान्यासाठीं ४ वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव दाखवावा लागतो, सामान्यतः परीक्षा द्यावी लागते, आणि २५,००० डॉलरांचा जामीनरोखा ठेवावा लागतो. राहत्या घराच्या दुरुस्ती-सुधारणेच्या करारांत तर एकंदर रकमेच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांत जें कमी असेल त्याहून अधिक आगाऊ घेण्यास तेथील कायद्याची सामान्यतः मनाई आहे.

महाराष्ट्रांत खासगी घर बांधणाऱ्या कंत्राटदारास असा परवाना देणारें मंडळ नाहीं. मग आपल्याकडील कंत्राटदार चौकटींत बसवून भिंतीवर लावतात ते कागद कसले? सार्वजनिक बांधकाम खात्याची नोंदणी ही सरकारी कामाच्या निविदा भरण्यासाठीं असते. तीवरील वर्गावरून किती रकमेपर्यंतचें सरकारी काम त्यास घेतां येईल एवढेंच कळतें. वस्तु व सेवा कराचा क्रमांक हा कर भरण्यासाठीं. १ मे २०१७ पासून चालू झालेलें महारेरा विक्रीसाठीं उभारलेल्या मोठ्या प्रकल्पांकडे पाहतें. स्वतःच्या जागेवर स्वतःसाठीं घर बांधणाराशीं त्याचा संबंध येत नाहीं. यांपैकीं एकही कागद खोटा नव्हे, पण हा गृहस्थ ओळंब्यांत भिंत उभारील कीं नाहीं हें त्यांतला एकही सांगत नाहीं.

परवाना आपल्याकडे आहे, पण तो दुसऱ्याच्या हातीं आहे. वास्तुविशारदाची नोंदणी १९७२ च्या कायद्यानें होते, आणि २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणें इंजिनियर, स्ट्रक्चरल इंजिनियर व सुपरवायझर यांस परवाने मिळतात. तेव्हां परवानाधारक माणूस हवाच असेल तर तो येथें शोधावा, आणि कंत्राटदाराच्या आधीं शोधावा. त्याची फी घरानें द्यावी. कंत्राटदारानें आपल्याबरोबर आणलेला इंजिनियर बहुधा त्याच्याच ताटाखालचें मांजर असतो. या इंजिनियरास पहिला प्रश्न नव्या घराविषयीं विचारूं नये; फुगलेली एक भिंत उतरवून पुन्हा बांधल्यास जुनें घर राहील काय, हें विचारावें. कंत्राटदारास हा प्रश्न विचारून उपयोग नाहीं, कारण त्याचा चरितार्थ नव्या घरावर आहे. शिवाय माल्याच्या त्या जागेस बांधकामाची परवानगी कोणत्या अधिकाऱ्यानें द्यावयाची, हें पौडच्या तालुका कचेरींत जाऊन प्रथम पाहून घ्यावें. कंत्राटदाराचें ‘त्याची काळजी नको’ हें आश्वासन परवानगीच्या ठिकाणीं चालत नाहीं.

माल्यांतील बंधूंचेंही म्हणणें सर्वस्वीं चूक नाहीं. माहितीचा माणूस ही मोठी जमेची बाजू आहे, पण माहिती त्याच्या आजोबांची नको, कामाची हवी. मुळशीच्या खोऱ्यांत ती मिळविण्याचा एक मार्ग आहे, व तो आषाढ-श्रावणांतच मिळतो. ज्या कंत्राटदाराचा विचार असेल, त्यानें दोनतीन वर्षांपूर्वीं बांधलेलीं घरें भर पावसांत जाऊन पाहावीं. स्लॅबचे कोपरे, खिडक्यांच्या खालचा भाग, गच्चीच्या कठड्याचा सांधा, आणि वाऱ्याच्या बाजूची नैर्ऋत्येकडील भिंत, एवढें पाहिलें तरी पुरे. विचारणें तें घरधन्यास न विचारतां घरांतील बायकांस विचारावें. गळक्या छताखालीं बादली कोठें ठेवावी लागते तें त्यांस ठाऊक असतें. घरधनी खर्च केलेल्या पैशाच्या अभिमानानें गप्प राहतो. बोलावल्यावर कंत्राटदार परत आला होता काय, हेंही तेथेंच कळतें. सिमेंट-लोखंडाच्या दुकानदाराकडे त्याची उधारी किती थकली आहे याची चौकशी करण्यांतही कमीपणा मानूं नये.

आतां दराविषयीं. ‘चौरस फुटास अमुक’ हे शब्द ऐकून मन निश्चिंत होतें, पण कोणता चौरस फूट? समजुतीसाठीं आंकडे घेऊं. एकजण स्लॅबच्या १,२०० चौरस फुटांवर २,००० रुपये दर सांगतो. दुसरा आंतल्या वापराच्या ९६० चौरस फुटांवर २,२००. पहिला स्वस्त भासतो, पण त्याची रक्कम २४,००,००० होते व दुसऱ्याची २१,१२,०००. उतारावरच्या जागेंत पाया किती खोल जाईपर्यंत हा दर लागू, जोतें किती उंच, संडास-न्हाणीघराच्या फरश्या कोणत्या, विजेचे बिंदु किती, कर दरांत धरला कीं वेगळा, हें लिहून घेतल्यावांचून दोन दरांची तुलना करणें व्यर्थ आहे. सामानासह कंत्राट द्यावें कीं केवळ मजुरीचें, याबद्दल आमचें मत असें कीं, घरचा एक माणूस कामावर रोज उभा राहूं शकत असेल तर मजुरीचें बरें. एकट्या स्वतंत्र घराच्या केवळ मजुरीच्या कंत्राटास वस्तु व सेवा कराची माफीही आहे. मग लोखंड स्वतः तोलून घ्यावें. १२ मिलिमीटर जाडीची १२ मीटर लांबीची सळई सुमारें १०.६६ किलो भरते. ती फारच हलकी भरली तर दुकानदारास कारण विचारावें. सिमेंट मात्र साठवूं नये. त्या हवेंत पोतीं दगड होतात.

पैशाच्या बाबतींत आम्ही सर्वांत कठोर होऊं इच्छितों. कंत्राटदारास मजुरांचा पगार भागविण्यास उचल लागते हें खरें. परंतु पुष्कळदां आपली उचल मागच्या घराची उधारी फेडण्यांत जाते, आणि आपलें घर पुढच्या माणसाच्या उचलीची वाट पाहत उभें राहतें. म्हणून आरंभीं थोडकेंच द्यावें. पुढें पाया, जोतें, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांनीं, इंजिनियरनें काम पाहून लिहून दिल्यावरच द्यावें. आणि शेवटचे ५ ते १० टक्के एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावे. या अटीस जो कंत्राटदार रागावेल त्याचा राग पावसाळ्याआधींच समजला हें बरें. काकूंच्या पाटल्या मोडून उचल देण्याचा जो विचार पत्रांत सूचित केला आहे, त्यास आमचा स्पष्ट विरोध आहे. घर पाडण्याआधीं त्यांच्या राहण्याची सोय व्हावी, आणि नव्या नकाशांत त्यांची खोली कोणती हें त्यांस दाखवून मग तो नकाशा कायम करावा.

माल्यास कामाचे दिवस मोजके. दिवाळीनंतर पाया खणला व मृगाआधीं छप्पर झालें तर झालें. म्हणून करार भाद्रपदांतच व्हावयास हवा. त्यांत काम संपविण्याची तारीख व उशिराबद्दलची कपात लिहावी. १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणें लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेंत वाजवी भरपाई मिळूं शकते. वीस दर्जाच्या काँक्रिटास ५० किलोच्या पोत्यामागें ३० लिटरांहून अधिक पाणी नको, स्लॅबवर निदान ७ दिवस व पोझोलाना सिमेंट असल्यास १० दिवस पाणी ठेवावें, तुळयांखालचे टेकू १४ दिवसांआधीं काढूं नयेत, हेंही करारांत असावें. नाहीं तर गवंड्याशीं रोज वाद होतो, व वादांत गवंडी जिंकतो.

एकत्र कुटुंबास आणखी एक पथ्य आहे. थोरले खिडकी रुंद करण्यास सांगतात, वहिनी ओटा उंच मागतात, मधले बंधु रविवारीं येऊन दार फिरवितात; आणि अखेरीस ‘जादा काम’ या नांवाखालीं बिल येतें. सूचना एकानेंच द्यावी, व ती लेखी द्यावी. संमति मात्र सर्वांची हवी. धरणाच्या कंपनीनें जमीनमालकांस न विचारतां चाचणीचे चर खणले, आणि त्या असंतोषांतून १९२१ मध्यें याच खोऱ्यांत मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला. तेव्हां दुसऱ्याच्या जमिनींत न विचारतां कुदळ घालणें म्हणजे काय हें मालेकरांस नव्यानें सांगावयास नको. भावाभावांतही तोच न्याय. सात-बारावर ज्यांचीं नांवें आहेत त्यांच्या सह्या घ्याव्या. धाकट्या बंधूंनीं तिकडील भारतीय वकिलातींत कुलमुखत्यारपत्र करून पाठवावें, आणि तें येथें पोंचल्यापासून ३ महिन्यांच्या आंत त्यावर मुद्रांक शुल्क भरावें.

इतकें करूनही काम बिघडलें तर? घरबांधणी ही ‘सेवा’ आहे हें १९९३ पासून ग्राहक कायद्यांत स्पष्ट आहे, व २०१९ च्या कायद्यांतही तें कायम आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असल्यास पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करतां येते. तक्रारीस कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आंत ती झाली पाहिजे. तेथें बोलणें थोडें चालतें, कागद अधिक चालतो. पैसे बँकेमार्फत द्यावे, बिलें जपावीं, आणि स्लॅब ओतण्याच्या आदल्या संध्याकाळीं बांधलेल्या सळयांचीं छायाचित्रें काढून ठेवावीं. दुसऱ्या दिवशीं त्या कोणासही दिसणार नाहींत.