ताट हलाल, बाकीचा हिशोब काय?

दाभोळ खाडीच्या काठावरच्या आमच्या गावात एकेकाळी घरटी एक माणूस जहाजावर असायचा. कुणी खलाशी, कुणी सुकाणी, कुणी टंडेल. कोकणी मुसलमानांच्या कितीतरी घरांवरची कौलं याच कमाईतून चढली. माझे अब्बा त्यातलेच. १९७० च्या दशकात खलाशी म्हणून लागले आणि सारंग होऊन घरी आले. नोकरीची शेवटची काही वर्षं त्यांनी एका परदेशी प्रवासी जहाजावर काढली. अम्मीनं मात्र जहाज आतून कधी पाहिलं नाही. ती अब्बांना निरोप द्यायची, तो दापोलीच्या एसटी स्टँडवर.

यंदा दोघांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. आम्ही भावंडांनी ठरवलं, दोघांना घेऊन चार रात्रींची क्रूझ करायची. एकूण सात माणसं. हे ठरायला पाच मिनिटं लागली. कुठल्या कंपनीची, यावर मात्र तीन आठवडे वाद चालला.

दुबईतला भाऊ म्हणाला, एमएससी घ्या. हिवाळ्यात त्यांची जहाजं आखातात येतात, राहायला माझं घर आहे. माझ्या मुलाला रॉयल कॅरिबियनच हवी होती, सिंगापूरहून. त्यांच्या क्वांटम जातीच्या जहाजावर माणसांना उंच उचलून समुद्र दाखवणारी काचेची खोली आहे, ती त्याला पाहायची होती. मुंब्र्याची बहीण म्हणाली, सिंगापूरलाच जायचं तर गेंटिंग ड्रीम घ्या, तिथे हलाल प्रमाणपत्र असलेलं स्वयंपाकघर आहे. मेहुण्यांचं म्हणणं, कशाला विमान आणि व्हिसा? कॉर्डेलिया मुंबईतूनच सुटते.

मुंबईच्या क्रूझचं नाव निघालं, तशी अम्मी म्हणाली, "ती नको." तिच्या डोक्यात अजून ऑक्टोबर २०२१ आहे. आर्यन खान तीन आठवड्यांहून जास्त कोठडीत होता आणि मे २०२२ मध्ये पुरेसा पुरावा नाही म्हणून त्याचं नाव आरोपपत्रात आलं नाही. पहिली बातमी आपल्या घराघरात पोहोचली, दुसरी तितकी पोहोचली नाही. त्यात जहाजाचा दोष तो काय? पण भीतीला असा हिशोब कळत नाही. मेहुण्यांनीही मग फार ताणलं नाही.

या निमित्तानं मी बरंच वाचलं. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की स्पर्धा दिसते तेवढी नाही. अमेरिकेत क्रूझ हा मध्यमवर्गाचा नेहमीचा सुट्टीचा प्रकार आहे. तिथे लोक कार्निव्हल बरी की प्रिन्सेस, की हॉलंड अमेरिका, असा वाद घालतात. तिन्ही एकाच कार्निव्हल कॉर्पोरेशनच्या आहेत. कोस्टा आणि क्युनार्डही त्यांच्याच. सेलिब्रिटी रॉयल कॅरिबियनची, ओशियानिया नॉर्वेजियनची. एमएससी तेवढी एका कुटुंबाच्या मालकीची. अब्बांना ते नाव क्रूझमुळे नाही, कंटेनरवरून माहीत होतं. "न्हावाशेव्याला बघ, अर्धे डबे यांचेच," म्हणाले.

जहाजांचंही तसंच. आज कॉर्डेलियाचं असलेलं एम्प्रेस हे १९९० चं, रॉयल कॅरिबियनचं जुनं जहाज. गेंटिंग ड्रीमची जोडीची बहीण वर्ल्ड ड्रीम. गेंटिंगची हाँगकाँगची कंपनी २०२२ मध्ये बुडाली, तेव्हा ती बहीण सौदी सरकारच्या कंपनीकडे गेली. तीच आता अरोया या नावानं डिसेंबर २०२४ पासून जेद्दाहून चालते आणि तिच्यावर दारू मिळत नाही. म्हणजे एकाच कारखान्यात, एकाच नकाशावरून बांधलेल्या दोन जहाजांपैकी एकावर बार आणि कसिनो, तर दुसऱ्यावर दारूचा थेंब नाही. तेव्हा जहाजाचे फोटो पाहून काही ठरवू नये. ते चालवणारा कशातून कमावतो, ते पाहावं.

तिकीट स्वस्त का असतं, याचं उत्तरही इथेच आहे. कार्निव्हल कॉर्पोरेशनच्या उत्पन्नाचा साधारण एक तृतीयांश भाग तिकिटाचा नसतो. तो जहाजावर चढल्यानंतर होणाऱ्या खर्चाचा असतो. त्यात बार, कसिनो, स्पा, बंदरावरच्या सहली, वायफाय असं सगळं येतं. बारच्या बिलावर वरून १८ ते २० टक्के सेवाशुल्क. काही कंपन्यांची तर बहामामध्ये स्वतःची बेटं आहेत किंवा भाड्यानं घेतलेली. रॉयल कॅरिबियनचं कोकोके, नॉर्वेजियनचं ग्रेट स्टिरप के, एमएससीचं ओशन के. प्रवासी जहाजावरून उतरला तरी त्याचा खिसा कंपनीच्या हद्दीतच राहतो.

आपल्यासारख्या कुटुंबाला यात एक गंमत आहे. आपण दारू पीत नाही, जुगार खेळत नाही. म्हणजे ज्यावर कंपनी कमावते ते आपण घेतच नाही, स्वस्त तिकीट तेवढं घेतो. पण ही गंमत एका ठिकाणी उलटते. काही कंपन्या भाड्यात 'फुकट' पेयांचं पॅकेज घालून देतात. ते फुकट नसतं, भाड्यात धरलेलं असतं आणि त्यावरचं सेवाशुल्क वेगळं. न पिणाऱ्यानं दारूचे पैसे का भरावेत? तेव्हा एजंटला आधी विचारा, पॅकेजशिवायचं भाडं किती? बंदरशुल्क, टीप, वायफाय, विमा धरून सात माणसांचा शेवटचा आकडा किती? आम्ही चारही कंपन्यांचे आकडे असे मांडले, तेव्हा जाहिरातीत सगळ्यात स्वस्त दिसणारी सफर तिसऱ्या नंबरवर गेली.

वायफायचं ऐकून अम्मीनं एकच विचारलं, "जहाजावरून घरी फोन लागतो ना?" जिनं नऊ-नऊ महिने पत्रांवर काढले, तिचा हा प्रश्न मी खर्चाच्या यादीत सगळ्यात वर लिहिला.

आता हलालकडे येऊ. बहिणीचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. सिंगापूर-मलेशियाचा प्रवासी डोळ्यांसमोर ठेवून गेंटिंग ड्रीमनं आपल्या स्वयंपाकघरासाठी इस्लामी देशांच्या संघटनेच्या मानकानुसार प्रमाणपत्र घेतलं आहे. शाकाहारी आणि जैन जेवणाचीही वेगळी सोय केली आहे. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं चार दिवस प्रत्येक ताटापुढे "यात काय आहे?" असं विचारत बसावं, ही सुट्टी नाही. इतर कंपन्यांतही आधी कळवलं तर जेवणाचा विचार होतो. पण तोंडी आश्वासन घेऊ नका, लेखी घ्या.

एवढं मान्य करूनही माझा प्रश्न उरतोच. प्रमाणपत्र स्वयंपाकघराचं आहे, जहाजाचं नाही. गेंटिंग हे नावच मलेशियाच्या डोंगरावरच्या कसिनोमुळे मोठं झालं. त्याच जहाजावर एका मजल्यावर हलाल बिर्याणी आहे आणि दुसऱ्यावर जुगाराची टेबलं. आमचे एक नातेवाईक म्हणालेच, "क्रूझ म्हणजे बार आणि जुगार, तिथे जाताच कशाला?" त्यांना मी म्हटलं, विमानातही दारू वाटतात, पण म्हणून आपण उमऱ्याला चालत जात नाही. मी मुफ्ती नाही, फतवा देणार नाही. पण आपल्याकडे हलालचा सगळा विचार ताटापाशी सुरू होतो आणि ताटापाशीच संपतो, हे मला खटकतं.

कारण जहाजावर ताट वाढणारा एक माणूसही असतो.

हे जहाज कुठल्या झेंड्याखाली चालतं, हा प्रश्न आमच्या घरात फक्त अब्बांनी विचारला. बहामा, पनामा, माल्टा, बर्म्युडा. कंपनीचं ऑफिस मायामीत, प्रवासी अमेरिकी, पण झेंडा भलत्याच देशाचा. म्हणजे कर आणि कामगार कायदा अमेरिकेचा नाही, त्या देशाचा. खाली काम करणारे बहुतेक फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि भारताचे. आपल्या गोव्यातलं एखादं गाव असं नसेल, जिथून कुणी क्रूझवर गेलं नाही.

जहाजी कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय करार आहे, २००६ चा. तो २०१३ मध्ये लागू झाला आणि २०१५ मध्ये भारतानंही स्वीकारला. नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायचे नाहीत, पगार किमान दर महिन्याला द्यायचा, असे चांगले नियम त्यात आहेत. विश्रांतीचा नियम असा : कुठल्याही २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास. वाचायला बरं वाटतं. आठवड्याचे १६८ तास धरून वजाबाकी करा. ९१ तास काम नियमात बसतं. सुट्टीचा दिवस नाही आणि हे महिनोन्‌महिने.

एप्रिल २०२० मध्ये मुंबईबाहेर समुद्रात एक क्रूझ उभी होती. तिच्यावर आपलेच भारतीय कर्मचारी होते. प्रवासी केव्हाच घरी पोहोचले होते. ज्यांनी त्यांच्या चादरी बदलल्या, ते घर समोर दिसत असताना उतरायच्या परवानगीची वाट पाहत होते. अब्बा तेव्हा रोज टीव्हीसमोर बसून त्या बातमीची वाट पाहायचे.

आमच्या वादाचा निकाल लागला तो टिपेवरून. बहुतेक मोठ्या कंपन्या माणशी, दररोज ठराविक टीप आपोआप बिलात धरतात. अमेरिकी कंपन्यांत ती साधारण १६ ते २० डॉलर असते. सात माणसं, चार रात्री, म्हणजे जवळजवळ ५०० डॉलर. चाळीस हजारांच्या पुढे. भाऊ म्हणाला, "काळजी करू नका. काही कंपन्यांत काउंटरवर जाऊन सांगितलं की ती काढून टाकतात. माझ्या सगळ्या मित्रांनी काढली."

अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "काढतात. आम्हाला कळायचं."

एवढंच. प्रवासी जहाजावर असताना ते सलून क्रूच्या पोरांबरोबर एकाच मेसमध्ये जेवायचे. केबिन साफ करणाऱ्या एका पोरानं दहा दिवस एका कुटुंबाची सेवा केली, मुलांसाठी टॉवेलचे हत्ती करून ठेवले, आणि शेवटच्या दिवशी त्या कुटुंबानं टीप कापून घेतली. ते आपल्याच मुलखातलं कुटुंब होतं, हे अब्बांनी नंतर, भाऊ उठून गेल्यावर, मला सांगितलं.

कुणी म्हणेल, पगार देणं कंपनीचं काम आहे, प्रवाशानं टिपेतून तो का भरावा? हा मुद्दा खरा आहे. या कंपन्यांनी मजुरीचा एक भाग प्रवाशाच्या मर्जीवर टाकला आहे, ही पद्धत वाईटच आहे. टीप भाड्यात धरून सरळ पगार द्यावा, अशी मागणी जरूर करावी. पण पद्धत वाईट आहे म्हणून आपण आपले चाळीस हजार वाचवले, तर कंपनीचं काय बिघडलं? बिघडलं त्या पोराचं, आणि त्याच्या मागे कुठेतरी एसटी स्टँडवर निरोप देऊन घरी परतलेल्या बाईचं. मजुराच्या मजुरीला उशीर करू नये, हे आपल्याला लहानपणी मदरशात शिकवलेलं असतं. मग ती कापून घेणं कुठल्या खात्यात मांडायचं? ताटात हलाल शोधणाऱ्यानं आपल्या बिलातही ते शोधावं.

शेवटी आम्ही गेंटिंग ड्रीम घेतली. ती सगळ्यात चांगली म्हणून नव्हे. अम्मीच्या जेवणाची काळजी मिटते आणि चार रात्रींपेक्षा जास्त ती समुद्रावर टिकेल, याची अब्बांना खात्री नाही, म्हणून. केबिन त्यांनीच निवडली, खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यावर, जिथे हेलकावे कमी लागतात. विमा दोघांचाही काढला, कारण जहाजावरच्या दवाखान्याचं बिल आपल्या खिशाला झेपत नाही. सेवाशुल्काचे पैसे बुकिंगबरोबरच भरून टाकले आणि केबिन साफ करणाऱ्याच्या हातात देण्यासाठी वेगळं पाकीट ठेवलं. त्यात सगळ्यात जास्त पैसे भावानं घातले.

माझ्या मुलाची काचेची खोली हुकली, तो नाराज आहे. पुढच्या वेळी रॉयल कॅरिबियन घेऊ असं मी त्याला कबूल केलं आहे. तेव्हाही आधी पूर्ण बिल मागवू आणि टीप काढणार नाही, एवढं त्याला आत्ताच सांगून ठेवलं आहे.