गाडी विकणाऱ्यापेक्षा वापरणारा जाणता

मोटार घेण्यास आलेल्या गिऱ्हाइकाला विक्रेत्याने पहिला प्रश्न कोणता विचारावा? आमच्या मते हा: "गाडी रोज किती चालणार आणि कुठे चालणार?" भिवंडीतील आमच्या एका स्नेह्यांना २०२२ साली हा प्रश्न कोणीही विचारला नाही. रंग कोणता, हप्ता किती, विमा आमच्याकडूनच घ्याल ना, सीट कव्हर कोणते बसवू, हे सारे विचारून झाले. स्नेही कापडाचे व्यापारी. घर ते दुकान तीन किलोमीटर, दुकान ते गोदाम दोन किलोमीटर, आणि या पाच किलोमीटरांत गर्दी अशी की चालत जाणारा माणूस आधी पोहोचावा. त्यांना डिझेलची मोठी मोटार विकण्यात आली. "अंकल, डिझेलला अ‍ॅव्हरेज जास्त," एवढे एकच कारण विक्रेत्याने दिले आणि तेवढ्यावर सौदा झाला.

आठ महिन्यांनी समोरच्या पाटीवर एक पिवळा दिवा लागला. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये संगणक लावून दिवा विझवला आणि बिल हाती दिले. दोन महिन्यांत दिवा पुन्हा लागला. तिसऱ्या खेपेस राजनोली नाक्यावर गाडीने ओढणेच सोडले. काउंटरवरील साहेब म्हणाले, डिझेल भेसळीचे असेल. कंपनीचा प्रतिनिधी महिन्यातून एकदा येतो, त्याची गाठ घेतली, तर तो म्हणाला की तुमच्या चालवण्याच्या पद्धतीत दोष आहे. कोणता दोष, हे मात्र त्याने सांगितले नाही. मध्यंतरी स्नेह्यांनी स्वतःच ऑइलची पट्टी काढून पाहिली, तर ऑइल कमी होण्याऐवजी खुणेच्या वर चढलेले आणि त्याला डिझेलचा वास. हे सांगितल्यावर वर्कशॉपवाले हसले. ऑइल कधी वाढते काय, मागच्या वेळी मुलाने जास्त ओतले असेल!

उलगडा केला तो नाशिक रस्त्यावर प्रवासी गाडी चालवणाऱ्या एका मालकाने. त्याच इंजिनाची गाडी तो तीन वर्षे चालवीत होता. त्याने दोनच प्रश्न विचारले. रोज किती किलोमीटर? हायवेला महिन्यातून किती वेळा? उत्तरे ऐकून तो म्हणाला, "चाचा, गाडी पळतच नाही, तर काजळी जळणार कशी?"

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या डिझेल मोटारींत धुराच्या मार्गावर एक जाळी बसवलेली असते. धुरातील काजळी ती अडवून धरते. ही काजळी साठत गेली की ती जाळून टाकावी लागते, आणि त्यासाठी जाळीतील उष्णता साडेपाचशे ते सहाशे अंशांपर्यंत जावी लागते. मोकळ्या रस्त्यावर चांगल्या वेगाने पंधरा-वीस मिनिटे न थांबता गाडी चालली, तर हे काम आपोआप होते. तसे न झाल्यास इंजिन स्वतःहून जादा डिझेल सोडून जाळी तापवू पाहते. पण तीन किलोमीटरांवर दुकान आले, चावी काढली, की हे काम अर्धवट राहते आणि न जळलेल्या डिझेलचा काही भाग खाली ऑइलमध्ये उतरतो. ऑइल वाढते ते असे. ते पातळ होते, त्याचा चिकटपणा जातो, आणि असेच चालू राहिले तर नुकसान इंजिनाचे. म्हणजे ऑइल वाढल्याचे स्नेह्यांचे निरीक्षण अचूक होते. हसणारे चुकले होते.

आता आमच्या बाजूचीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हे सारे गाडीबरोबर मिळालेल्या माहितीपुस्तकात छापलेले निघाले. दिवा लागला की काय करावे, किती वेळ गाडी चालवावी, सर्व काही. ते पुस्तक प्लॅस्टिकच्या वेष्टनातून बाहेरच आले नव्हते. स्नेह्यांनी ते वाचले नाही, हे खरे. परंतु ज्यांचा तो धंदा आहे त्यांनीही वाचले नव्हते, याला काय म्हणावे?

विक्री करणाऱ्या तरुणांवर आमचा राग नाही. कालपर्यंत त्यातला एखादा मोबाइल विकत असतो आणि पुढच्या वर्षी फ्लॅट विकत असेल. त्याची कमाई ठरते ती महिन्याला किती गाड्या उठवल्या, किती कर्जे आणि किती विमे जोडून दिले यावर. पुढे गाडी कशी चालली, हे त्याला कधी कळतच नाही. वर्कशॉपच्या काउंटरवर बसलेला माणूस जॉब कार्ड भरतो, पण त्याच्या हाताला ग्रीस लागलेले नसते. ज्याच्या हाताला ते लागते, तो मिस्त्री आत असतो आणि गिऱ्हाइकाला त्याची भेट सहसा घडत नाही. कंपनीचा प्रतिनिधी येतो तो विक्रीचे आकडे तपासण्यास. एकच गाडी तीन वर्षे, चार पावसाळे, खड्डे, चढ आणि ओझे यांसह पाहिलेली असते ती फक्त मालकाने.

अ‍ॅव्हरेजचा आकडाच घ्या. शोरूममध्ये जो आकडा सांगतात, तो पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत केलेल्या चाचणीचा असतो. ही चाचणी बंद खोलीत, रोलरवर, ठरावीक वेगाच्या आराखड्यानुसार आणि एसी बंद ठेवून होते. निरनिराळ्या गाड्यांची तुलना करण्यास हा आकडा उपयोगी आहे, त्याला आम्ही खोटा म्हणत नाही. पण "रस्त्यावर एवढे मिळेल" असे कोणी सांगत असेल, तर त्यास आकड्याचा अर्थच ठाऊक नाही. रोज टाकी भरून वहीत लिहिणाऱ्या टेम्पोवाल्याला विचारा. तो भरलेल्या गाडीचा, रिकाम्या गाडीचा आणि घाटातला आकडा वेगवेगळा सांगेल.

पेट्रोलच्या बाबतीत तर मालकांना अधिकच विचित्र अनुभव आला. इथेनॉलचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ साली ते २० टक्क्यांवर पोहोचले. जुन्या मोटारी आणि स्कूटरी वापरणारे सांगू लागले की अ‍ॅव्हरेज उतरला. काउंटरवरून उत्तर मिळे: एअर फिल्टर बदला, टायरमध्ये हवा बघा. वास्तविक नीती आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालातच अंदाज दिलेला होता, की मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनवून १० टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या चारचाकीचा अ‍ॅव्हरेज २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के, आणि तशाच दुचाकीचा ३ ते ४ टक्के घटेल. कारण साधे आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश शक्ती कमी असते. मिश्रणाच्या धोरणाला लाभही आहेत, तेलाची आयात घटते, महाराष्ट्रातील ऊसवाल्यांना आणि साखर कारखान्यांना गिऱ्हाईक मिळते. तो वाद येथे नाही. मुद्दा एवढाच, की स्कूटरवर फेरी करणाऱ्या बिस्किटवाल्याला जे पंधरा दिवसांत कळले आणि जे सरकारी कागदात चार वर्षे आधी छापलेले होते, ते मधल्या काउंटरवाल्याला ठाऊक नव्हते.

कंपन्यांनी मनावर घेतले तर हे अंतर मिटू शकते, याचा दाखला पुण्यातलाच आहे. टाटांनी २००५ साली 'एस' हा छोटा टेम्पो बाजारात आणला. त्याआधी त्यांचे इंजिनीअर तीनचाकी टेम्पोवाल्यांना जाऊन भेटले आणि ओझे किती भरता, गल्ली किती अरुंद, तीन चाकांची अडचण काय, हे विचारून घेतले. दोन सिलिंडरचे छोटे डिझेल इंजिन आणि चार चाके असलेला तो टेम्पो 'छोटा हाथी' नावाने गल्लोगल्ली पोहोचला. आपल्यापैकी कित्येकांचा फळांचा, फर्निचरचा, भंगाराचा धंदा त्यावर चालला. गाडी काढण्यापूर्वी जे विचारले जाते, ते गाडी विकल्यावर का विचारले जात नाही?

(जाता जाता: आपल्या दुकानांतही हेच घडते. शिवणयंत्र घेणाऱ्या कारागिराला यंत्राची नस आपल्या काउंटरवरील मुलापेक्षा अधिक ठाऊक असते, आणि आपला मुलगा त्यालाच शिकवू पाहतो.)

तथापि मालकाला आणि आपल्या मिस्त्रीला ठाऊक असलेले सारेच बरोबर असते, असे मानणे घातक होईल. इंजिन गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची रीत आपल्या गॅरेजांत पिढ्यान् पिढ्या आहे. जुन्या इंजिनात ते खपून गेले. आजच्या इंजिनाचा संगणक मात्र इंजिन थंडच आहे असे समजून जादा इंधन सोडत राहतो. अ‍ॅव्हरेज जातो आणि काजळी वाढते. आमच्या स्नेह्यांनाही एका उस्तादाने सल्ला दिला होता की जाळीच कापून टाकू, कटकट मिटेल. त्याने दिवा विझला असता, पण काजळी आपल्याच मोहल्ल्यातील मुलांच्या छातीत गेली असती. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत असा फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते, आणि वॉरंटीवरही पाणी सोडावे लागले असते. उस्तादाचे हात सोन्याचे आहेत. पण हातांना आता वाचनाची आणि स्कॅनरची जोड हवी.

हा स्कॅनर आणि त्यामागची माहिती मिळवणे, हीच मिस्त्रींची खरी अडचण आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत सुटा भाग मिळेल. पण तो बसवल्यावर गाडीच्या संगणकाला त्याची ओळख पटवून देण्याचे साधन कंपनीने आपल्याच वर्कशॉपपुरते राखले असेल, तर मिस्त्री काय करणार? हा प्रश्न एका तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेला. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला आणि सुटे भाग व तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांनाही मिळाली पाहिजेत असे बजावले. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, चुकीच्या दुरुस्तीने जेवढे बिघडले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असेही आयोगाने म्हटले. प्रकरण पुढे अपिलांत गेले. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आणि त्यात मोटारींचाही समावेश केला. आपल्या गॅरेजवाल्यांनी एकेकट्याने तक्रार करण्याऐवजी गावोगावच्या संघटनांमार्फत ही माहिती मागितली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मालकांसाठी दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. "गाडी धंद्यासाठी आहे, तुम्ही ग्राहक नाही," असे सांगून टेम्पोवाल्यांना वाटेला लावले जाते. हे पूर्ण सत्य नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्पष्टीकरण आहे, की केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू 'व्यापारी प्रयोजना'त मोडत नाही. स्वतः रिक्षा अथवा टॅक्सी चालवणारा, एखाद-दुसरा मदतनीस घेऊन यंत्र चालवणारा, हे ग्राहकच आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याखाली १९९५ सालीच म्हटले होते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावे लागते, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि आरंभी सल्ल्यासाठी १९१५ हा सरकारी फोन आहे. अडचण वेगळीच आहे. आयोगापुढे "मला ठाऊक आहे" याला किंमत नाही. तारीख, किलोमीटर, दिवा कधी लागला, गाडी कोणी तपासली, काय उत्तर दिले, हे कागदावर हवे. जॉब कार्डावर आपली तक्रार आपल्याच शब्दांत लिहून घेतल्याखेरीज सही करू नये. "जनरल चेकअप" असे लिहून गाडी आत घेतात. मग सहा महिन्यांनी तुमची तक्रार कधी होतीच, असे तेच विचारतात.

स्नेह्यांनी उशिरा का होईना, हे केले. आधीची बिले शोधली, एका पाठकोऱ्या वहीत तारखा लिहिल्या, चढलेल्या ऑइलच्या पट्टीचा फोटो काढला, माहितीपुस्तकातील त्या पानाची प्रत जोडली आणि रजिस्टर पोस्टाने पत्र धाडले. विकताना आपला वापर विचारला का नाही, एवढेच त्यात विचारले होते. तीन आठवड्यांनी बोलावणे आले. जाळी विनामूल्य साफ करून मिळाली, ऑइल बदलून मिळाले, आधीच्या एका बिलाची रक्कमही परत आली. काउंटरवरील साहेबांनी ते पान स्वतःसाठी झेरॉक्स करून ठेवले, याचे आम्हांस विशेष वाटले.

गाडी अजून तीच आहे. आठवड्यातून एकदा फजरनंतर, रस्ता मोकळा असताना, ते ती पडघ्यापलीकडे नेऊन आणतात. त्या बाजूची उधारीची वसुली आता त्याच फेरीत होते. त्यांचे धाकटे बंधू येत्या महिन्यात दुकानासाठी टेम्पो घेणार आहेत. शोरूममध्ये जाण्याआधी तेच मॉडेल चालवणाऱ्या चार मालकांना भेटायचे, असे ठरले आहे. त्यांपैकी दोघांच्या वह्या पाहून झाल्या.