मुलांच्या मूत्रपिंडाला कोणती पट्टी लावावी?

प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपर हाती आला की आपण प्रथम त्याचे लघुतम माप काढतो. मग सोनोग्राफीच्या अहवालात ‘उजवे मूत्रपिंड ८.० सेंमी’ असे वाचल्यावर हा आकडा किती भरवशाचा आणि तो कशाशी ताडून पाहायचा, असे आपण का विचारत नाही? वारंवार मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होणाऱ्या मुलाच्या मूत्रपिंडावर व्रण पडून त्याची वाढ खुंटू शकते. वरून मूल ठणठणीत दिसते. अशा वेळी लांबीचा हा आकडाच बोलतो.

सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, श्राव्यातीत ध्वनी असतो. शरीराच्या मऊ भागात त्याचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर धरतात. कंप्रता ५० लक्ष हर्ट्झ असली, तर तरंगलांबी सुमारे ०.३ मिलिमीटर येते. म्हणजे यंत्र पुरेसे बारीक पाहते. चूक होते ती छेद घेताना. भरताचे वांगे देठापासून टोकापर्यंत नीट मधोमध कापले तरच त्याची पूर्ण लांबी दिसते. सुरी थोडी तिरपी गेली की लांबी कमी भरते. मूत्रपिंडाचेही तसेच आहे. त्यात मूल रडत असते, श्वासाबरोबर मूत्रपिंड खालीवर सरकत असते. म्हणून दोन निष्णात डॉक्टरांच्या मापांतही काही मिलिमीटरांचा फरक पडू शकतो.

आता १९८४ साली अमेरिकेत २०३ मुलांच्या मोजणीवरून निघालेले सूत्र पाहा. एक वर्षावरील मुलांसाठी ते असे: लांबी (सेंमी) = ६.७९ + ०.२२ × वय (वर्षे). यात वर्षाची वाढ आली अवघी २.२ मिलिमीटर! मग सहा महिन्यांनी पुन्हा मोजून ‘वाढ झाली नाही’ असे सांगणे म्हणजे धान्याच्या तराजूवर सोने तोलणे होय.

पट्टीचा प्रश्न याहून नाजूक आहे. या सूत्राने आठ वर्षांच्या मुलाची सरासरी ८.५५ सेंमी येते. पण मुलाची उंची सहा वर्षांच्या मुलाएवढीच असेल तर? सहा वर्षांची सरासरी ८.११ आहे. मूत्रपिंड ८.० सेंमी असले, तर वयाने ते अर्धा सेंटिमीटर कमी आणि उंचीने जवळजवळ बरोबर ठरते. (सरासरी म्हणजे सीमारेषा नव्हे, तिच्या दोन्ही बाजूंना निरोगी मुले असतातच.) उलट, उंच मुलाचे खुंटलेले मूत्रपिंड वयाच्या तक्त्यात बेमालूम लपून जाते. मला ही दुसरी चूक अधिक घातक वाटते; पहिलीत आईबापांचा जीव टांगणीला लागतो, दुसरीत मात्र उपचारच हुकतात.

मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयातील डॉक्टरांनी एक महिना ते बारा वर्षे वयाच्या सुमारे १००० निरोगी मुलांची मापे घेऊन ती २०१२ साली प्रसिद्ध केली. मूत्रपिंडाच्या लांबीचा सर्वांत घट्ट संबंध उंचीशी आढळला. तेव्हा मुलाच्या सोनोग्राफी अहवालावर वयाशेजारी उंची लिहिलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला खर्च तो किती? भिंतीवर एक पट्टी!

मात्र मुंबईच्या रुग्णालयातली मापे सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या मुलांना तंतोतंत लागू पडतात काय, हे मोजूनच ठरवावे लागेल. यंत्र जीपमध्ये टाकून आश्रमशाळेत न्यावे म्हटले, तर तेही सोपे नाही. गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला, १९९४ साली केंद्राचा आला, आणि आज सोनोग्राफी यंत्र नोंदणीच्या जागेबाहेर सहजी नेता येत नाही. हा निर्बंध हवाच. तेव्हा मुलांनाच यंत्राकडे आणले पाहिजे. आमच्या नाशकात १९९८ पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे आणि एम. डी.च्या विद्यार्थ्यांना प्रबंध लिहावाच लागतो. त्यांच्यापैकी कोणी हा विषय घेतला, तर मुलांच्या उंचीची नोंद करून द्यायला शाळांतील विज्ञानशिक्षक नक्कीच पुढे येतील.