वाघिणीची गाठ आणि लांबणीवर टाकलेला खर्च

प्राणिसंग्रहालयातील एखादी वृद्ध वाघीण दगावल्याची दोन ओळींची बातमी आपण वाचतो आणि ‘वय झाले होते’ असे म्हणून पान उलटतो. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांचा अनुभव पाहता हे समाधान दरवेळी खरे नसते.

१९७०नंतरच्या दशकात तेथे जागेचा प्रश्न बिकट झाला. पिंजरे मोजके, वाघसिंहांची वीण मात्र भरपूर. त्यावर उपाय निघाला तो मेलेन्जेस्ट्रॉल अॅसिटेट या कृत्रिम संप्रेरकाचा. मादीच्या कातडीखाली त्याची कांडी बसविली की संततीची चिंता मिटे. नरमाद्यांना वेगळे ठेवण्यासाठी नवी आवारे बांधण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त होते. पुढे १९९६ साली ३१ रुग्ण प्राण्यांची पाहणी प्रसिद्ध झाली आणि या संप्रेरकाचा स्तनग्रंथींच्या कर्करोगाशी असलेला संबंध पुढे आला. आज तेथे वाघ-सिंहांच्या माद्यांसाठी वेगळ्या प्रकारच्या औषधाला पसंती दिली जाते.

स्वस्ताईची खरी किंमत निदानाच्या वेळी कळते. वाघीण दुखणे लपविते. तिचे पोट हाताने चाचपावयाचे तर भूल द्यावी लागते आणि वृद्ध जनावराला भूल देणे जोखमीचे असते. साधा गळू कोणता आणि कर्करोगाची गाठ कोणती, हे नुसत्या नजरेला कळत नाही. सुईने पेशी काढणे, गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, छातीचे क्ष-किरण चित्र घेणे, हे सारे ओघाने आलेच. रखवालदाराला जखम दिसेपर्यंत रोग पुष्कळदा लसिकाग्रंथींत आणि फुप्फुसांत पोचलेला असतो.

माणसांच्या इस्पितळांत खाटा अपुऱ्या असताना वाघिणीवर हा खर्च कशासाठी, असे कोणी विचारील. प्रश्न गैर नाही. परंतु तिला पिंजऱ्यात ठेवण्याचा निर्णय आपला आहे, तिचा नव्हे. शिवाय प्रत्येक उपाय महागडाच असतो असे नाही. मांसाच्या तुकड्याचे आमिष दाखवून गजांना पोट टेकून उभे राहण्याची सवय वाघिणीला लावता येते. कोणत्या मादीला कोणते औषध केव्हा दिले, याची नोंद ठेवण्यास तर केवळ एक वही आणि शिस्त पुरते.

आपल्याकडे १९९२पासून केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आहे. मृत प्राण्याच्या शवविच्छेदनाचा दंडकही आहे. तो आवश्यकच होय. परंतु शवविच्छेदन हे त्या वाघिणीपुरते फार उशिरा झालेले निदान असते. लांबणीवर टाकलेला खर्च वाचलेला नसतो. तो दुसऱ्याच्या नावावर चढलेला असतो, आणि येथे तो चढतो मुक्या जिवाच्या नावावर.