कमरेचे पिस्तूल आणि सरावलेले मन

अमेरिकेतील निम्म्याहून अधिक राज्यांत आज सज्ञान नागरिकाला, त्याच्यावर कायद्याने बंदी नसेल तर, कोणत्याही परवान्यावाचून कपड्यांआड पिस्तूल बाळगून रस्त्यावर हिंडता येते. २०२४ सालअखेर अशा राज्यांची संख्या २९ झाली होती. या व्यवस्थेविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा एखाद्या शाळेतील वा बाजारातील हत्याकांडानंतर, आणि म्हणून ते हत्याकांडापुरतेच राहते. वस्तुतः त्या देशातील शस्त्रप्रश्नाचे मर्म, ज्याने कधी कोणावर हात उगारलेला नाही अशा सामान्य गृहस्थाच्या मनात शोधणे अधिक उपयुक्त ठरेल. असा गृहस्थ प्रथमच कमरेला पिस्तूल लावून घराबाहेर पडतो तेव्हा त्याला काय वाटते, आणि पुढे काय वाटेनासे होते, हा विचार करण्याजोगा विषय आहे.

पहिल्या दिवशी त्याला वाटते की, दुकानातील प्रत्येक माणूस आपल्या कमरेकडेच पाहत आहे. सदऱ्यावर शस्त्राचा आकार उठला तर नाही ना, खाली वाकताना ते दिसणार तर नाही ना, या शंकेने त्याचा हात पुनःपुन्हा तिकडे जातो. आणि गुपित फुटलेच तर ते बहुधा या हातामुळेच फुटते. तेथील शिक्षक नवशिक्यांना जो उपदेश करतात तो मोठा व्यवहारी असतो. चाप पूर्ण झाकला जाईल असे घट्ट होल्स्टर घ्या, जाड कमरपट्टा वापरा, सदरा थोडा सैल असू द्या. आधी काही दिवस रिकामे पिस्तूल लावून घरातच उठा-बसा, मग जवळच्या दुकानापर्यंत जा, आणि हात तिकडे नेऊ नका. लोकांचे आपल्याकडे लक्ष नसते हे थोड्याच दिवसांत कळून येते. काही आठवड्यांत पाकीट आणि किल्ल्या यांच्या रांगेत पिस्तूल जाऊन बसते. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा उपदेश योग्यच आहे. भरलेल्या पिस्तुलाजवळ घाबरलेला, चाचपडणारा हात असणे कोणाच्याच हिताचे नाही. प्रश्न असा की, जी अस्वस्थता अशा रीतीने घालविली जाते ती केवळ नवखेपणाची होती काय?

ही मुभा अमेरिकेत अनादिकाळापासून चालत आलेली नाही. व्हरमाँटसारखा अपवाद सोडला, तर १९८० पूर्वी बहुतेक राज्यांत गुप्तपणे शस्त्र बाळगण्यास एकतर बंदी होती, किंवा परवाना देणे न देणे अधिकाऱ्याच्या मर्जीवर होते. १९८७ साली फ्लोरिडाने अटी पूर्ण करणाऱ्याला परवाना दिलाच पाहिजे असा कायदा केला आणि तेथून वारे फिरले. २०१३ साली इलिनॉय हे बंदी उठविणारे शेवटचे राज्य ठरले. २०२२ साली सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कचा जुना कायदा रद्द ठरवून, घराबाहेर स्वसंरक्षणार्थ शस्त्र बाळगणे हा घटनादत्त हक्क असल्याचा निर्णय दिला. दरम्यान एकामागून एक राज्ये परवान्याची अटच काढून टाकू लागली होती. टेक्ससमध्ये १९९५ च्या कायद्याने परवान्यासाठी काही तासांचे शिक्षण आणि नेमबाजीची चाचणी आवश्यक केली होती. २०२१ पासून तेथे परवानाच ऐच्छिक झाला.

या बदलाच्या पुरस्कर्त्यांना माथेफिरू म्हणून निकालात काढणे सोपे आहे. ते न्याय्य नाही. १९९१ साली टेक्ससमधील किलीन गावी एका उपाहारगृहात बंदूकधाऱ्याने २३ माणसे मारली. सुझॅना हप या बाई तेथे आईवडिलांसह जेवत होत्या. त्यांच्याजवळ रिव्हॉल्व्हर होते. पण ते बरोबर बाळगणे बेकायदेशीर म्हणून त्यांनी ते मोटारीतच ठेवले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत वडील हल्लेखोरावर धावून गेले आणि पडले. आई पतीपाशीच थांबली आणि तीही मारली गेली. पुढे हपबाई टेक्ससच्या विधिमंडळावर निवडून गेल्या. त्यांच्या युक्तिवादाला आकडेवारीने उत्तर देणे निर्दयपणाचे वाटते. शिवाय २००५ साली कॅसल रॉक खटल्यात सुप्रीम कोर्टाने असे ठरविले की, न्यायालयाचा संरक्षक आदेश पोलिसांनी अंमलात आणला नाही म्हणून नागरिकाला नगरपालिकेविरुद्ध घटनात्मक दाद मागता येत नाही. राज्यसंस्था संरक्षणाची हमी देत नसेल तर माणसाने ते स्वतः का करू नये, या प्रश्नात निश्चितच जोर आहे.

तथापि अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे एक जुना हिशेब मांडील. एखाद्या कृतीचा लाभ करणाऱ्याला मिळतो आणि तिच्या किमतीचा काही भाग इतरांवर पडतो, तेव्हा ती कृती समाजाला परवडेल त्याहून अधिक प्रमाणात केली जाते. पिस्तूलधाऱ्याला मिळणारा धीर त्याचा एकट्याचा असतो. ते मोटारीतून चोरीला जाणे, वाहन पुढे काढण्यावरून झालेल्या भांडणात ते बाहेर येणे, नेम चुकणे, ही जोखीम मात्र त्या रस्त्यावरील सर्वांची असते. यावर अर्थशास्त्रज्ञ जॉन लॉट यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात उलट बाजू मांडली. शस्त्र दडलेले असल्याने कोण सशस्त्र आहे हे गुन्हेगाराला कळत नाही, म्हणून निःशस्त्र माणसालाही संरक्षण मिळते, असे त्यांचे म्हणणे. तर्क चतुर आहे. पण २००४ साली तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने, एका सदस्याची भिन्न मतपत्रिका वगळता, उपलब्ध पुराव्यावरून या कायद्यांचा गुन्ह्यांवरील परिणाम ठरविता येत नाही असा निष्कर्ष काढला. पुढे जॉन डोनोह्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, असे कायदे केलेल्या राज्यांत दहा वर्षांनंतर हिंसक गुन्हे अन्यथा झाले असते त्याहून १३ ते १५ टक्क्यांनी अधिक आढळले. वाद मिटलेला नाही. परंतु पारडे कोणीकडे झुकले आहे हे दिसते.

पिस्तूल बाळगणाऱ्याच्या स्वतःच्या हिशेबातही एक रकाना बहुधा कोरा राहतो. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले. त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. ज्या हातापासून सावध राहावयाचे, तो निम्म्याहून अधिक प्रसंगी परक्याचा नव्हता.

आता पहिल्या दिवसाच्या त्या अस्वस्थतेकडे पुन्हा पाहू. आपण इतरांच्या जीविताशी संबंधित असे काही त्यांच्या नकळत त्यांच्यामध्ये घेऊन वावरत आहोत, ही तिच्यामागची जाणीव आहे आणि ती अगदी खरी आहे. इतरांवर पडणारी किंमत वाहणाऱ्याच्या मनाला जर कधी स्पर्श करीत असेल, तर ती या दिवसांत. सरावाने ही जाणीव बोथट होते. किंमत मात्र होती तेवढीच राहते. माणसाचे मन असेच घडलेले असल्याने त्याला दोष देता येत नाही. म्हणूनच जे मनाला फार काळ वाहता येत नाही ते संस्थेने वाहावे लागते. अर्ज, पूर्वेतिहासाची तपासणी, शिक्षण, चाचणी आणि ठरावीक मुदतीने नूतनीकरण ही सारी त्या पहिल्या दिवसाच्या संकोचाची कायद्याने केलेली तरतूद होय. परवाना रद्द करणारी राज्ये कागदपत्रांचा त्रास वाचवीत आहेत असे म्हणतात. प्रत्यक्षात ती हा संकोचच रद्द करीत आहेत.

शिवाय हे सरावणे सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही. २०१६ साली मिनेसोटात फिलँडो कॅस्टील या कृष्णवर्णीय तरुणाची मोटार पोलिसाने अडविली. आपल्याजवळ शस्त्र आहे हे त्याने आपण होऊन सांगितले. परवानाही त्याच्याकडे होता. काही क्षणांतच पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या, आणि पुढल्या वर्षी ज्यूरीने त्या पोलिसाला निर्दोष ठरविले. जो हक्क एकाला धीर देतो आणि दुसऱ्याला तो उच्चारताच मृत्यू ओढवतो, त्याला समान हक्क कसे म्हणावे?

आपल्याकडे १८७८ च्या शस्त्रकायद्याने इंग्रजांनी प्रजेला निःशस्त्र केले, याची खंत राष्ट्रीय चळवळीने दीर्घकाळ बाळगली. तरीही स्वतंत्र भारताने १९५९ चा कायदा करताना परवान्याचे तत्त्व कायम ठेवले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आपल्या पोलिसयंत्रणेविषयी समाधानी असण्याचे कारण नाही, हे खरे. पण आज आपल्यातील अनेकांची मुले, भाचे-पुतणे टेक्सस, जॉर्जिया, फ्लोरिडा येथे स्थायिक झाले आहेत. तात्पुरत्या व्हिसावर असेतो त्यांना तेथील संघराज्याच्या कायद्याने काही अपवाद वगळता बंदूक बाळगता येत नाही. ग्रीन कार्ड हाती येताच ती अडचण दूर होते आणि शेजाऱ्याचा सल्ला कानी पडू लागतो. तो मानावा की नाही हे त्यांनी आपल्या परिस्थितीप्रमाणे ठरवावे. एखाद्या एकाकी वस्तीत त्याचे उत्तर होकारार्थीही असू शकेल. मात्र ज्याने होकार दिला त्याने, आपल्याला आता काहीच वाटत नाही, या गोष्टीला प्रगती समजू नये. शस्त्र हाताळण्यात हात सरावलेला असावा; ते बाळगण्यात मन कधीही पुरते सरावू नये, यातच त्याचे आणि त्याच्या शेजाऱ्यांचे हित आहे.