हिरव्या जर्सीचे फोटो पुरे, क्लबांचं काय?

रग्बीचा वर्ल्ड कप आला की आपल्याकडच्या एखाद्या ग्रुपवर कुणीतरी तो फोटो टाकतोच. हिरव्या जर्सीतले आयर्लंडचे खेळाडू, एकमेकांच्या खांद्यावर हात, आणि खाली ओळ: "देश दोन, टीम एक. खेळाने सीमा पुसली." मग बदाम, टाळ्या, भगवे झेंडे. मी राज्यशास्त्र शिकते, आयर्लंडची फाळणी आमच्या अभ्यासात आहे, आणि हा फोटो बघितला की माझं डोकं फिरतं. त्यातलं अर्धंच खरं आहे, आणि त्या अर्ध्याचं श्रेयही भलत्याच माणसांच्या खात्यावर जमा केलंय.

टीम एक का राहिली, ते आधी बघू. युनियन सीमेपेक्षा जुनी आहे म्हणून. १८७० च्या दशकात डब्लिनमध्ये एक आणि बेलफास्टमध्ये एक अशा दोन संघटना होत्या. १८७९ मध्ये त्या एकत्र आल्या आणि आयरिश रग्बी फुटबॉल युनियन झाली. लेन्स्टर, मन्स्टर, अल्स्टर, कॉनॉट असे चार प्रांत, प्रत्येकाची आपली शाखा. पुढे १९२१ मध्ये बेट कापलं गेलं. अल्स्टरच्या ९ काउंट्यांपैकी ६ ब्रिटनकडे राहिल्या. डोनेगल, कॅव्हन आणि मोनाहन दक्षिणेत आल्या. रग्बीचं अल्स्टर मात्र नऊचं ते नऊचंच राहिलं. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. रणजीत आजही मुंबई वेगळी, महाराष्ट्र वेगळा, विदर्भ वेगळा, बडोदा वेगळा. खेळाचा नकाशा राज्याच्या नकाशामागे पळत नाही.

पण जुनी संघटना होती एवढ्यानं भागत असतं तर फुटबॉलही एकच राहिला असता की. बेलफास्टची आयरिश फुटबॉल असोसिएशन १८८० पासूनची. ती १९२१ मध्ये फुटली, आणि ठिणगी कशानं पडली माहितेय? एका फेरसामन्यानं. आयरिश कपच्या उपांत्य फेरीत डब्लिनचा शेलबर्न आणि उत्तरेचा ग्लेनॅव्हन यांचा सामना बेलफास्टमध्ये बरोबरीत सुटला. फेरसामना डब्लिनला होईल असं डब्लिनवाले धरून चालले होते. असोसिएशननं सांगितलं, परत बेलफास्टलाच या. डब्लिनवाले चिडले, बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची संघटना काढली. रुसवे जुने होते, देशात गोळीबार चालू होता, हे सगळं आहेच. तरी तुटायला निमित्त झालं ते "मॅच कुणाच्या गावात" याचं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. माणसं झेंड्यावरून भांडतात असं आपण म्हणतो, पण बऱ्याचदा भांडण प्रवासाचं असतं: दर वेळी मीच का यायचं, तू कधी येणार?

आता त्याच काळात रग्बीत काय चाललं होतं ते बघा. प्रत्येक प्रांताचा आपापला सीनियर कप होता. लेन्स्टरचा १८८२ पासून, अल्स्टरचा १८८५, मन्स्टरचा १८८६, कॉनॉटचा १८९६. आणि १९२२ मध्ये, म्हणजे सीमेची शाई वाळायच्या आत, या चार कप-विजेत्या क्लबांची आपसात स्पर्धा सुरू झाली, बेटमन कप. पहिल्या महायुद्धात दोन मुलगे गमावलेल्या एका डॉक्टरानं त्यांच्या आठवणीसाठी दिलेला करंडक. १९३९ पर्यंत तो चालला. फुटबॉल ज्या वर्षी दोन घरं करून राहायला लागला होता, त्याच वर्षी रग्बीत उत्तरेचा क्लब आणि दक्षिणेचा क्लब एका करंडकासाठी उतरत होते. फोटो टाकायचाच असेल तर त्या करंडकाचा टाका.

पण म्हणून "खेळाने सीमा पुसली"? छे. काही पुसलं नाही. एक तर तो सगळ्यांचा खेळच नव्हता. डब्लिनमध्ये रग्बी म्हणजे फी भरणाऱ्या शाळांमधल्या पोरांचा खेळ, उत्तरेत बहुतेक प्रोटेस्टंट शाळांचा. दुसरीकडे गेलिक खेळांच्या संघटनेचा नियम होता, की सभासदानं रग्बी, क्रिकेट, फुटबॉल यांसारखे "परके" खेळ खेळायचे नाहीत आणि बघायलाही जायचं नाही. १९७१ मध्ये कुठे तो उठला. म्हणजे जी एकी होती ती एका छोट्या वर्गाची होती. हे न सांगता फोटो फिरवणं ही लबाडी आहे.

राष्ट्रीय टीमचं तरी काय सुरळीत होतं? १९५४ मध्ये बेलफास्टच्या रेव्हनहिलवर स्कॉटलंडशी सामना होता. ब्रिटिश राष्ट्रगीताला उभं राहायला दक्षिणेच्या खेळाडूंनी नको म्हटलं. त्यानंतर आयर्लंडच्या पुरुष टीमचा सामना बेलफास्टला परत व्हायला २००७ उजाडलं. १९७२ मध्ये स्कॉटलंड आणि वेल्स डब्लिनला यायलाच तयार नव्हते. आणि २५ एप्रिल १९८७. पहिल्या वर्ल्ड कपच्या सरावासाठी उत्तरेचे तीन खेळाडू, नायजेल कार, डेव्हिड अर्विन आणि फिलिप रेनी, एका गाडीतून डब्लिनला निघाले होते. सीमेवर किलीनजवळ आयआरएनं न्यायमूर्ती गिब्सन यांच्या गाडीवर बॉम्ब उडवला. न्यायमूर्ती आणि त्यांची पत्नी जागीच गेले. खेळाडूंची गाडी नेमकी समोरून येत होती. कार वाचला, पण त्याचं रग्बी तिथंच संपलं.

मित्रांनो, सीमा पुसली गेली असती तर तो रस्ता असा नसता.

माझा मुद्दा इथून सुरू होतो. त्या बॉम्बनंतर साडेतीन वर्षांनी, १९९० मध्ये, त्याच रस्त्यावरून क्लबांच्या बसेस नेमानं जायला लागल्या. ऑल आयर्लंड लीग सुरू झाली.

त्याआधीची अवस्था काय होती? प्रांताचे कप, प्रांतापुरत्या लीग, आणि बाकी सगळे मैत्रीचे सामने. म्हणजे कॉर्कचा क्लब बेलफास्टला जायचा तो दोन सेक्रेटऱ्यांचं जमत असेल तर. लीग म्हटलं की जुनी मंडळी नाक मुरडायची. गुण मोजले की चुरस येते, चुरस आली की पैसा येतो, पैसा आला की हौशी खेळ गेला, असं त्यांचं गणित. स्कॉटलंडनं १९७३ मध्ये लीग केली, इंग्लंडनं १९८७ मध्ये. आयर्लंड बसून राहिलं. शेवटी १९९०-९१ च्या मोसमात वरच्या गटात ९ क्लब आणि खाली दुसरा गट अशी सुरुवात झाली. वरच्या नऊत बेलफास्टचे मलोन आणि इन्स्टोनियन्स, अँट्रिम काउंटीतला बॅलिमेना हे उत्तरेचे तीन, बाकी डब्लिन, कॉर्क आणि लिमरिकचे. पहिलं विजेतेपद कॉर्क कॉन्स्टिट्यूशनचं.

आणि मग लिमरिकनं धुमाकूळ घातला. पहिली ९ वर्षं विजेता मन्स्टरचाच, त्यातली ७ वर्षं एकट्या लिमरिक शहराची: गॅरीओवेन दोनदा, यंग मन्स्टर एकदा, आणि १९९५ ते १९९८ सलग चार वेळा शॅनन. लिमरिक हा त्या देशातला अपवाद. तिथं रग्बी हा गोदीतल्या, कारखान्यातल्या माणसाचा खेळ, आणि क्लब वस्तीचा. समजायला सोपं करून सांगते: कोल्हापुरात पाटाकडील आणि शिवाजी मंडळाची मॅच असली की पेठा जशा उठून शाहू स्टेडियमवर जातात, तसं. १९९३ मध्ये यंग मन्स्टर आणि डब्लिनचा सेंट मेरीज कॉलेज यांच्यात लीगचा निकाल लावणारा सामना होता. तो लॅन्सडाऊन रोडवर, म्हणजे देशाच्या मुख्य मैदानावर घ्यावा लागला. सुमारे १७ हजार माणसं आली. क्लबच्या सामन्याला! यंग मन्स्टर १७-१४ नं जिंकला.

पण गर्दीपेक्षा मला वेळापत्रक जास्त मोलाचं वाटतं. वर्ल्ड कपच्या टीममध्ये उत्तरेचे पाच-सहा जण निवडले जातात. लीगमध्ये उत्तरेचा अख्खा क्लब दक्षिणेत येतो. पंधरा खेळाडू, राखीव, प्रशिक्षक, किट सांभाळणारा, खेळाडूंचे वडील, दोन-चार म्हातारे सभासद. वाटेत तेव्हा ब्रिटिश सैन्याची तपासणी चौकी होती, तिथं थांबून. मॅच हरायची, क्लबहाऊसमध्ये जेवायचं, अंधारात परत निघायचं. आणि पुढच्या खेपेला त्यांनी इकडे यायचं. कुणी कुणाच्या प्रेमात पडलं नाही, राजकारण बदललं नाही. पण समोरच्याच्या गावचा रस्ता पायाखालचा झाला, आणि तोही १९९८ च्या शांतता कराराच्या आठ वर्षं आधी. २००१ मध्ये टायरोन काउंटीतल्या डंगॅननचा क्लब डब्लिनमध्ये अंतिम सामना जिंकून ऑल आयर्लंड विजेता झाला. टायरोननं त्या तीस वर्षांत काय भोगलं हे ज्यांनी वाचलंय त्यांना या वाक्याचं वजन कळेल. त्याचा फोटो मी कुठल्याच ग्रुपवर बघितलेला नाही.

बरं, मग त्या लीगचं झालं काय? युनियननं तिला अडगळीत टाकलं.

१९९५ मध्ये रग्बी व्यावसायिक झालं. त्याच मोसमात युरोपातल्या संघांचा हायनेकेन कप सुरू झाला. आयर्लंडनं त्यात क्लब पाठवले नाहीत, प्रांत पाठवले. इंग्लिश क्लब पैसे देऊन खेळाडू पळवायला लागले, तेव्हा युनियननं खेळाडूंशी स्वतः करार केले आणि त्यांना प्रांतांत बसवलं. २००१ मध्ये वेल्स-स्कॉटलंडबरोबर सेल्टिक लीग आली आणि प्रांतांचं कॅलेंडर भरून गेलं. ज्या पोराला बघायला लिमरिकची वस्ती शनिवारी दुपारी मैदानावर यायची, तो आता मन्स्टरच्या लाल जर्सीत टीव्हीवर दिसायला लागला. क्लबला तो नावापुरता उरला. गर्दी ओसरली. नऊ वेळा लीग जिंकलेल्या शॅननवर पुढे खालच्या गटात खेळायची पाळी आली. आज लीगमध्ये पाच गट आहेत, प्रत्येकात दहा असे पन्नास क्लब. कागदावर भरभराट. प्रत्यक्षात व्यावसायिक अकादमीतली पोरं सराव मिळावा म्हणून तिथं सोडली जातात, आणि प्रांताची हाक आली की शुक्रवारी काढून घेतली जातात. पोरगा घडवायचा क्लबनं, तिकीट विकायचं प्रांतानं.

"पण दुसरा मार्ग काय होता?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो फालतू नाही. देश छोटा, पैसा थोडा. पन्नास क्लबांना पगार देणं अशक्य होतं. चार प्रांतांत ताकद एकवटली म्हणून मन्स्टर, लेन्स्टर युरोप जिंकले. जानेवारी १९९९ मध्ये अल्स्टरनं लॅन्सडाऊन रोडवर कोलोमिएला २१-६ नं हरवून कप नेला, तेव्हा दक्षिणेचे लोकही डब्लिनमध्ये अल्स्टरसाठी ओरडत होते. हे सगळं मला मान्य. व्यावसायिक संघ चारच हवेत, हेही मान्य.

मान्य नाही ते पुढचं. पैसा वरती एकवटला की वरचे लोक खालच्याला खर्च समजायला लागतात, आणि हे फक्त क्लबांपुरतं थांबत नाही. २००३ मध्ये याच युनियननं पैसे वाचवायला चारातला एक प्रांतच, कॉनॉटचा व्यावसायिक संघ, बंद करायचा घाट घातला होता. पश्चिमेचा गरीब, कमी वस्तीचा भाग, कोण विचारतंय! लोक डब्लिनला येऊन युनियनच्या दारात मोर्चा घेऊन उभे राहिले तेव्हा तो बेत बारगळला. तोच कॉनॉट २०१६ मध्ये एडिनबरोला अंतिम सामन्यात लेन्स्टरला २०-१० नं हरवून लीग जिंकला. ज्याला खर्च म्हणून खोडायला निघाला होतात, तो तेरा वर्षांनी विजेता. आणि त्याला वाचवणारे कोण? युरोपचे करंडक नव्हेत, गॉलवेच्या आसपासची साधी तिकीट काढणारी माणसं.

आपण सीमाभागातली पोरं आयर्लंडचं नाव घेतो, तेव्हा नेमकं काय उचलतो? १ नोव्हेंबरला काळ्या फिती बांधून आपण सगळे येतो, आलंच पाहिजे. पण उरलेल्या वर्षात निपाणीची पोरं खानापूरला, कारवारची बेळगावला, चंदगडची इकडे, कशाला आणि किती वेळा जातात? कबड्डीच्या स्पर्धा होतात, त्या बक्षिसाच्या बोर्डावर ज्याचा फोटो त्याच्या मर्जीवर. पुढल्या वर्षी होईलच याची खात्री नाही. दर पंधरा दिवसांनी आलटूनपालटून, एकदा तुमच्या गावात एकदा आमच्या, असं काही आपल्याकडे आहे का? असेल तर मला सांगा, मी यायला तयार आहे.

आणि डब्लिनच्या साहेबांकडे मागायचं तर मागणं काही मोठं नाही. प्रांताच्या ज्या खेळाडूला त्या आठवड्यात मैदानावर उतरवायचं नाही, त्याला बाकावर बसवून ठेवू नका, क्लबकडे पाठवा. लीगच्या महत्त्वाच्या शनिवारी त्याच वेळी प्रांताची मॅच ठेवू नका. उत्तरेच्या क्लबला कॉर्कपर्यंत जायचं तर बेटाची एक बाजू ते दुसरी बाजू असा प्रवास होतो, त्या बसचं भाडं युनियननं भरावं. एका आंतरराष्ट्रीय सामन्याला स्टेडियम भरतं तेव्हा जेवढा गल्ला जमतो, त्यापुढे पन्नास क्लबांच्या बसेसचं भाडं म्हणजे चिल्लर आहे.